न कळलेलं : शून्य पूर्णांक चार

केगावच्या माळावर, गच्चीच्या पश्चिम कोपऱ्यात
माझं यंत्र आभाळाकडे तोंड करून बसलंय.
ते काही पाठवत नाही, रडार नव्हे ते.
बावीस गिगाहर्ट्झच्या आसपास
हवेतली वाफ जे पुटपुटते, तेवढंच ऐकतं.

कोरड्या रात्री डोक्यावरचं आभाळ भरतं
वीसेक केल्व्हिन.
यंत्राची स्वतःची खरखर : पाचशे ऐंशी.
मोजायचं ते ओंजळभर
आणि मोजणाऱ्याचाच गलबला गावभर.

वाटलं होतं, नायनांना हे समजावणं जड जाईल.
चाळीस वर्षं चादरीच्या साच्यावर होते ते.
कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली,
त्यांच्या कानात अजून चालतो, तिन्ही पाळ्या.
"म्हणजे तुझ्या डब्यालाही माझंच दुखणं," म्हणाले,
आणि दोन्ही कानांवर तळवे दाबले,
सोडले, दाबले, सोडले.
"दाबल्यावर नुसते साचे.
सोडल्यावर साचे आणि दारावरचं माणूस.
साच्यातून साचे वजा केले
की उरतं ते दारावरचं."

आठ महिने खपून मी जे सर्किट काढलं,
एक स्विच, सेकंदाला शंभर वेळा
आभाळ, मग तापमान ठाऊक असलेलं बंद टोक,
पुन्हा आभाळ, पुन्हा बंद टोक,
ते नायनांनी ताटावर बसल्या बसल्या केलं,
कडक भाकरी मोडायच्या आधी.

तरी एक थंड टोक लागतंच.
द्रव नायट्रोजन, सत्त्याहत्तर केल्व्हिन.
तो मिळतो जनावरांच्या दवाखान्यात,
खिल्लार वळूंच्या कांड्या जिथे गोठून झोपतात
त्या टाकीशेजारी.
डॉक्टर हविनाळे विचारतात, कुठली गाय?
मी म्हणते, आभाळ.
ते पावतीवर 'इतर' लिहितात.

गच्चीवर आणेपर्यंत तो निम्मा उडालेला.
उरलेला उकळतो, आणि त्याच्या पाठीवर आपटून
यंत्राची खरखर यंत्रालाच परत ऐकू येते.
पातळी तीन मिलिमीटर उतरली
की आकडा उलटा झुलतो.
अशा पाळण्यातून खरं थंड उचलून घ्यायचं.

मग तो दीड केल्व्हिन आला.
एक पूर्णांक सहा, नेमका.
रोज संध्याकाळी, यंत्र मान तिरकी करून बघतं तेव्हा.
चौदा दिवस.
मी अॅम्प्लिफायरवर आळ घेतला,
चव्वेचाळीस अंशाच्या उन्हावर घेतला,
टोपणावरचं दव पुसलं (एप्रिलात, सोलापुरात, दव!),
सगळे स्क्रू पुन्हा पिळले.
नवीन केबल मागवली, तिचे पैसे गेले.

पंधराव्या दिवशी मला ताप होता.
गच्चीवर कोणी गेलं नाही.
आलेख सरळ.

अँटेनाला समोरच्या मोठ्या डोळ्याखेरीज
कडेला बारीक बारीक डोळे असतात.
हे मीच पोरांना शिकवते, फळ्यावर पाकळ्या काढून.
आणि त्यातल्या एका पाकळीत, कठड्यापाशी,
पालथ्या बादलीवर बसलेली
तीनशे सात केल्व्हिनची एक बाई,
रोज साडेसहाला, चहासकट,
आपण मोजतोय ते नीट येतंय ना
हे बघत.

बादली हलवली.
अहवालात तक्ता केला :
अॅम्प्लिफायरची चढउतर, शून्य पूर्णांक तीन.
थंड टोक, शून्य पूर्णांक सहा.
कडेच्या पाकळ्या, शून्य पूर्णांक दोन.
न कळलेलं, शून्य पूर्णांक चार.
पुण्याहून फोन आला, शेवटची ओळ काढा मॅडम,
बरी दिसत नाही.
मी म्हटलं, ती काढली
तर बाकीच्या तीन मी कशाच्या जोरावर ठेवू?
ते गप्प झाले. लाइन थोडा वेळ खरखरली.

काल जेवताना नायना मध्येच थांबले.
कानांवर तळवे दाबले, सोडले.
उठून दार उघडलं.
कोणी नव्हतं.
गल्लीत एक सायकल टेकवलेली, दिव्याखाली,
आणि उष्मा.
त्यांनी दार लगेच लावलं नाही.